कोर्टाच्या पायरीवरील लिलाव

लिलाव ही गोष्ट दिसावयास मोठी न्यायाची आहे. पुकारणारा रकमेकडे पाहतो, माणसाकडे पाहत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत एक काळ असा होता कीं, तेथें गोऱ्यांची शाळा निराळी व कृष्णवर्णीयांची निराळी, आगगाडीचा डबा निराळा, इस्पितळ निराळें, पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धां निराळा होता. एवढ्या वेगळेपणांत कर्जापायीं गेलेल्या घरांचा जाहीर लिलाव तेवढा सर्वांचा एक होता. तो एकाच दारांत पुकारला जाई आणि त्याच्या नोटिशींत रंगाचा उल्लेख नसे. सर्वांत अधिक बोली बोलणारास रोख रकमेनें घर विकलें जाईल, एवढेंच तींत लिहिलेलें असे. हें समान दार कितपत समान होतें तें पाहावयाचें झाल्यास नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील डरहॅम शहराकडे पाहावें. कारण स्वतःचीं घरें करून तीं राखण्याची जी शिकस्त तेथील कृष्णवर्णीयांनीं केली, ती थोड्याच ठिकाणीं झाली असेल.

डरहॅम हें तंबाखूचें शहर. १९३० च्या खानेसुमारींत त्याची वस्ती ५२ हजार भरली आणि तींत तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरींतून सुटलेलीं माणसें रेल्वेच्या रुळांपलीकडे येऊन राहिलीं. त्यांच्या वस्तीला हेटी हें नांव पडलें. गुलामांनीं बंड करून जें हैती राज्य स्थापिलें, त्याच्याच नांवाचा हा प्रतिध्वनि. पुरुष व बायका तंबाखूच्या कारखान्यांत पानांच्या शिरा काढीत, आणि पुष्कळ बायका गोऱ्यांच्या घरीं धुणें व स्वयंपाक करीत. याच वस्तींत जॉन मेरिक नांवाचे गृहस्थ होते. जन्म १८५९ चा, म्हणजे गुलामगिरींतला. धंदा केस कापण्याचा. शहरांतील बडे तंबाखूवाले त्यांच्याकडून हजामत करवीत. या मेरिक यांनीं डॉ. आरन मूर आदि मंडळींसह १८९८ सालीं नॉर्थ कॅरोलिना म्यूच्युअल ही विमा कंपनी काढली. पुढें १९०८ त मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक उघडली आणि १९२१ त घरांसाठीं कर्ज देणारी म्यूच्युअल बिल्डिंग अँड लोन ही संस्था निघाली. बुकर वॉशिंग्टन आणि डुबॉइस या दोघां पुढाऱ्यांचें एकमेकांशीं मुळींच जमत नसे; पण डरहॅमची वाखाणणी दोघांनींहि लेख लिहून केली.

आतां कर्जाविषयीं. त्या काळचीं घरकर्जें हल्लींप्रमाणें वीस वीस, तीस तीस वर्षांचीं नसत. मुदत तीन ते पांच वर्षांची. तोंवर बहुधा नुसतें व्याज भरावयाचें आणि मुदत भरतांच सारें मुद्दल एकदम द्यावयाचें. एवढें मुद्दल एकदम कोणाच्यानेंहि देववत नसे. दोन्ही पक्षांची समजूत अशी असे कीं, मुदत आली म्हणजे कागद नवा करावयाचा आणि गाडें पुढें चालूं द्यावयाचें. १९२९ नंतर बँका एकामागून एक बुडूं लागल्या, तेव्हां कागद नवा करून देणाराच उरला नाहीं. ज्यानें एकदांहि व्याज थकविलें नव्हतें त्याचेंहि घर अशा रीतीनें कात्रींत सांपडलें. १९३३ त साऱ्या देशांत दररोज सुमारें एक हजार घरांवर जप्तीची पाळी येत होती. हें संकट गोऱ्यांवरहि होतें, हें विसरतां कामा नये.

नॉर्थ कॅरोलिनांत अशा घराच्या विक्रीला दिवाणी दाव्याची गरज नसे. कर्ज घेतांना जो दस्तऐवज होई त्यांत घर एका तिऱ्हाइताच्या, म्हणजे विश्वस्ताच्या, नांवें लिहून द्यावें लागे. कर्ज फिटलें नाहीं तर तें विकण्याचा अधिकार त्यालाच त्या कागदानें मिळालेला असे. हा विश्वस्त बहुधा सावकाराच्या ओळखीचाच वकील. कोर्टाच्या दारावर नोटीस महिनाभर लावावयाची, वर्तमानपत्रांत चार आठवडे जाहिरात द्यावयाची आणि नेमल्या दिवशीं भर दुपारीं दारांत उभें राहून पुकार करावयाचा. न्यायाधीश आंत बसलेला असतो, पण त्याचा या कामाशीं संबंध नाहीं. ऋणकोनें हरकत घ्यावयाची तर त्यानेंच वकील गांठून, पैसे खर्चून कोर्टांत जावें. ज्याच्याजवळ पैसे नाहींत म्हणून घर चाललें, त्याला ही वाट दाखविणें म्हणजे तहानेल्याला विहीर खणावयास सांगण्यासारखें आहे.

ज्या दारांत हा पुकार होई त्याचेंहि वर्णन केलें पाहिजे. डरहॅमचें तें कोर्ट १९१६ सालचें, दगडी व भारदस्त. १९२४ त त्याच्यासमोर दक्षिणेच्या बाजूनें लढलेल्या सैनिकाचा पुतळा उभारण्यांत आला, म्हणजे ज्या बाजूनें गुलामगिरी राखण्यासाठीं युद्ध केलें तिचा. नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर माणूस विकला गेला नव्हता, हें खरें. पण दक्षिणेंतील इतर कित्येक जुन्या कोर्टांच्या पायऱ्यांवर १८६५ पूर्वीं कर्जबाजाऱ्यांच्या मालमत्तेबरोबर त्यांच्या गुलामांचाहि लिलाव कोर्टाच्याच हुकुमानें होत असे. पुकार तोच, पायरी तीच आणि 'सर्वांत अधिक बोली' हे शब्दहि तेच. जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांना गुलामांच्या मुक्ततेबद्दल गौरवपूर्वक अर्पण केलें, त्यांचें काम अशा पायऱ्यांपाशीं अर्धेंच झालें होतें. माणूस विक्रीतून सुटला. त्याचें घर सुटावयाचें होतें.

समजा, हेटींतील एका तंबाखू-कामगाराचें घर पुकाराला लागलें आहे. बोली कोणी बोलावी? गोरा गिऱ्हाईक तेथें स्वतः राहावयास जाणार नाहीं. तो घेईल तर भाड्यानें देण्यासाठीं, म्हणजे भाड्याचा हिशेब करून, पडत्या किंमतींत. कृष्णवर्णीय शेजारी राहावयास घेईल, पण त्याला रोख रक्कम कोठून मिळणार? शहरांतील गोऱ्या बँका त्याला सहसा कर्ज देत नसत. त्याच्या घराला दुसऱ्या भागांतून मागणी येण्याचा संभव नव्हता आणि त्यालाहि दुसऱ्या भागांत घर मिळण्याची सोय नव्हती. रंगाप्रमाणें मोहल्ले आंखून देणारे शहरांचे कायदे सर्वोच्च न्यायालयानें १९१७ त, केंटकींतील लुईव्हिल शहराच्या खटल्यांत, बेकायदा ठरविले. त्या निकालाचा पाया मात्र असा कीं, मालकाला आपली जागा वाटेल त्यास विकण्याचा हक्क आहे. विकणाराचा हक्क शाबीत झाला. राहणाराचा तसाच राहिला. कायदा गेला आणि रिवाज उरला.

तेव्हां पुकाराच्या वेळीं पुष्कळदां एकच खरा गिऱ्हाईक उभा असे, आणि तो म्हणजे सावकार स्वतः. 'रोख' ही अट इतरांना; त्याला आपल्या येण्यांतून बोलीची रक्कम वळती करून घेतां येई. दोन हजारांच्या कर्जापायीं त्यानें घर पांचशेंत घ्यावें आणि उरलेल्या दीड हजारांसाठीं ऋणकोच्या मजुरीवर पुन्हा दावा लावावा, असा हा व्यवहार. घरहि गेलें आणि कर्जहि राहिलें. हा प्रकार इतका बोकाळला कीं, १९३३ त नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानें कायदा केला: सावकारानें आपल्याच लिलावांत घर घेतलें असेल, तर त्याची खरी किंमत दाखवून उरलेली बाकी कमी करून मागण्याचा हक्क ऋणकोला असावा. सावकार मंडळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९३७ त तेथें कायदा टिकला. हें पाऊल चांगलें होतें. पण खरी किंमत ठरविणार कोण? जेथें कृष्णवर्णीयांच्या घराला बाजारच खुला नाहीं, तेथें खरी किंमत म्हणून जी निघेल तीहि पडतीच निघणार.

याच संस्थानांत १९१५ पासून आणखी एक मजेदार तरतूद होती. लिलाव झाला तरी दहा दिवस तो पक्का समजावयाचा नाहीं. त्या दहा दिवसांत कोणीहि बोली पांचशें डॉलरपर्यंतची असल्यास शेंकडा दहा, त्याहून अधिक असल्यास शेंकडा पांच वाढवून पैसे कारकुनाकडे भरले कीं लिलाव पुन्हा व्हावा. चारशें डॉलरला गेलेलें घर चाळीस डॉलर भरून थोपवितां येई. चाळीस डॉलर ही रक्कम लहान वाटते. १९३८ च्या कायद्यानें कारखान्यांतील मजुराला तासाला कमींत कमी पंचवीस सेंट ठरले. त्या दरानें चाळीस डॉलर म्हणजे एकशें साठ तासांची मजुरी. पोटाला न खातां साडेतीन आठवड्यांहून अधिक राबावें, तेव्हां ती जमावयाची, आणि मुदत तर दहा दिवसांची. घरकाम करणाऱ्या बाईला त्या कायद्याचा आधारहि नव्हता. शेतमजूर व घरगडी त्यांतून वगळलेले होते. अशा वेळीं चर्चमधल्या मंडळींनीं, भावाबहिणींनीं, उत्तरेकडे कामाला गेलेल्या मुलानें मिळून रक्कम उभी केली तरच घर थांबावयाचें; आणि थांबलें तरी पुढल्या पुकारापर्यंतच.

त्याच वर्षांत आयोवा, नेब्रास्का या मध्य-पश्चिमेकडील संस्थानांत गोऱ्या शेतकऱ्यांनीं लिलाव हाणून पाडण्याची वेगळीच युक्ति काढली. शेंकडो शेजारी जमावयाचे, गाई, नांगर, यंत्रें यांना चार-दोन सेंटांची बोली बोलावयाची, परक्यानें अधिक बोलूं नये म्हणून धान्याच्या कोठारावरून फांसाचा दोर लोंबता ठेवावयाचा, आणि सगळें सामान घेऊन धन्यालाच परत करावयाचें. त्या चळवळीच्या दडपणानें मिनेसोटांत १९३३ त घरांची विक्री तहकूब करणारा कायदा झाला आणि १९३४ त सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. डरहॅमच्या कृष्णवर्णीयांना ही युक्ति सुचली नसेल असें नाहीं. पण शेंकडो कृष्णवर्णीयांनीं त्या पुतळ्यासमोर जमून गोऱ्या सावकाराला दरडवावें, हें त्या दिवसांत होणें नव्हतें. आयोवांत दोर हा दटावणीचा देखावा होता. दक्षिणेंत त्याच दोरानें हजारों कृष्णवर्णीयांचे जीव घेतलेले होते.

१९३३ च्या जूनमध्यें मध्यवर्ती सरकारनें गृहमालकांसाठीं कर्ज महामंडळ काढलें. त्यानें दहा लाखांहून अधिक घरांचीं कर्जें स्वतःकडे घेतलीं, पंधरा वर्षांची मुदत दिली, व्याज शेंकडा पांच ठेवलें. कृष्णवर्णीय घरमालकांनाहि त्यानें कर्जें दिलीं, हें नमूद केलें पाहिजे. पण या महामंडळानेंहि पुढें जवळजवळ दोन लाख घरें जप्त केलींच. याच महामंडळानें १९३५ नंतर शहरांचे नकाशे रंगविले. डरहॅमचा नकाशा १९३७ चा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बहुतेक सर्वत्र तांबडा, म्हणजे धोक्याचा, रंग मिळाला. १९३४ त निघालेल्या गृहविमा खात्यानें तर असल्या वस्त्यांतील कर्जांची हमीच घेतली नाहीं आणि नव्या वसाहतींत रंगाची अट घालण्याची शिफारस केली. गोऱ्यांसाठीं लांब मुदतीचें स्वस्त कर्ज आलें आणि लिलावाची पायरी त्यांच्यापासून हळूहळू दूर गेली. हेटीपासून ती तितकी दूर गेली नाहीं.

म्हणून मेरिक आणि त्यांच्या सोबत्यांनीं काढलेल्या संस्थांना एवढें मोल. १९३३ त देशांतील हजारों बँका बसल्या, तेव्हां मेकॅनिक्स अँड फार्मर्स उभी राहिली. पण या संस्थांचा पेंच सोपा नव्हता. जो पैसा घरांत गुंतलेला, तो आठवड्याला काहीं सेंट भरणाऱ्या धुणेंवालीचा आणि तिच्या अंत्यविधीसाठीं राखलेला. एका शेजाऱ्याला सवलत द्यावी तर दुसऱ्याच्या विम्याला धोका. दारांतला पुकार टाळण्याचे सर्व उपाय संपल्यावर आपल्याच माणसाच्या घरासाठीं त्याच पायरीवर जाण्यावांचून असल्या संस्थांनाहि गत्यंतर नसतें.

हेटी पुढें लिलावानें गेली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत नगर-नूतनीकरणाच्या नांवाखालीं सरकारनें तेथील शेंकडों घरें व दुकानें मोबदला देऊन ताब्यांत घेतलीं आणि पाडलीं; त्या जागेवरून मोटारींचा हमरस्ता गेला. लिलावांत चुकवून, दहा-दहा दिवस थोपवून राखलेलीं घरें त्यांतच गेलीं. कोर्ट दुसऱ्या इमारतींत हललें आणि १९१६ च्या इमारतींत परगण्याच्या कचेऱ्या आल्या. समोरचा पुतळा लोकांनीं २०१७ च्या ऑगस्टमध्यें दोर लावून खालीं ओढला. दहा दिवसांची तरतूद त्या संस्थानांत अजून आहे; आतां बोली शेंकडा पांच, परंतु कमींत कमी साडेसातशें डॉलर, वाढवून भरावी लागते.