'चार्ज' : गाडीभर अर्थांचा शब्द

(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम येथे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



रुग्णालयात अक्षरशः पावलोपावली ऐकू येणाऱ्या एका इंग्रजी शब्दाविषयी आज बोलावे असे योजिले आहे. तो शब्द म्हणजे 'चार्ज'. "तपासणीचा चार्ज किती?" असे रुग्णासोबत आलेला मनुष्य खिडकीशी विचारतो. त्याच वेळी आत सकाळपाळीची परिचारिका रात्रपाळीच्या परिचारिकेकडून वॉर्डाचा चार्ज घेत असते. भिंतीशी कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो, आणि बाकावरच्या वर्तमानपत्रात लाठीचार्ज वा चार्जशीट यांची बातमी असते. पैसा, जबाबदारी, वीज, हल्ला आणि आरोप! इतके अर्थ एका शब्दात आले कोठून?

त्याचे मूळ आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला चटकन उमगेल असे आहे. लॅटिन भाषेत 'कारुस' म्हणजे गाडी, म्हणजे आपली बंडीच म्हणा ना. हा शब्दही रोमन लोकांनी गॉल प्रांतातील केल्टिक लोकांकडून घेतला. त्यावरून गाडी भरणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले आणि 'चार्ज' झाले. 'कार', 'कार्गो' आणि 'कॅरी' ही त्याचीच भावंडे. पुढे गाडीऐवजी इतर गोष्टी भरल्या जाऊ लागल्या. माणसाच्या माथी ठेवलेले ओझे म्हणजे दोषारोप, पैशाच्या थैलीवरील ओझे म्हणजे आकार, बंदुकीत ठासलेली दारूही चार्जच. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठविण्याचे प्रयोग करीत होता, तेव्हा त्याने हीच भाषा विजेला लावली. बरण्यांच्या समूहाला त्याने तोफांच्या रांगेवरून 'बॅटरी' म्हटले. आपल्या मोबाईलमधील दोन्ही शब्द असे दारूगोळ्याच्या कोठारातून आले आहेत.

मराठीने या सर्वांसाठी एकच शब्द शोधला नाही, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. आपला 'भार' पाहा. अधिकारी कार्यभार स्वीकारतो, विभागप्रमुख प्रभारी असतो, विजेचा विद्युतप्रभार असतो, आणि भारनियमनाने रात्री ओलितासाठी जागे राहणारे शेतकरी तर या सभेतच बसले आहेत. 'भृ' या संस्कृत धातूचा अर्थ वाहणे, सांभाळणे, पोसणे. भरणपोषण, भार्या हे शब्द त्यातलेच. इंग्रजीतील ओझ्याचा 'बर्डन' हा शब्दही दूरच्या नात्याने याच कुळातला. रुग्णास दवाखान्यात 'भरती' केले असे आपण म्हणतो, तिथेही तोच धातू आहे. 'आभार' या शब्दातही भार आहेच. आपल्याकडे आभारप्रदर्शन लांबते ते कदाचित त्या वजनामुळे असेल!

आता जो अर्थ मराठीत आला नाही, त्याकडे वळतो. इंग्रजीत ज्याला सांभाळायचे त्या व्यक्तीलाच 'चार्ज' म्हणतात. दाईचे मूल हे तिचे चार्ज, परिचारिकेचा रुग्ण हा तिचा चार्ज. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात चार्ज असणे म्हणजे काय, याचा नेमका विचार केला आहे. आपण स्वतः योग्य ते करणे एवढ्याने भागत नाही. आपण हजर नसतानाही ते होईल अशी व्यवस्था लावणे म्हणजे चार्ज घेणे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. पाळी बदलताना होणाऱ्या पाच मिनिटांच्या बोलण्याचे मोल यावरून कळावे. कोणत्या खाटेवरील रुग्णाने औषध ओकून टाकले, कोणाची लघवी सकाळपासून झाली नाही, हे त्या पाच मिनिटांत सांगायचे राहिले तर पुढे कितीही महागडे यंत्र आणले तरी उपयोग होत नाही.

पैशाच्या चार्जविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. तो भार कुटुंबाने किती वाहावा आणि समाजाने किती, हा धर्मादाय रुग्णालयापुढील खरा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. देणगीदारांची रक्कम या नियमाच्या पलीकडे उपयोगी पडते. निधी संपला, तरी रुग्ण येतच राहतात.

राहिला 'डिस्चार्ज', म्हणजे मूळ अर्थाने गाडी रिकामी करणे. जखमेतून वाहणाऱ्या पुवालाही डॉक्टर हाच शब्द वापरतात, त्यामुळे नातेवाईक कधी कधी उगाच आनंदतात. आपल्याकडे 'सुट्टी झाली' म्हणतात, ते मला अधिक गोड वाटते. तरीही भार संपत नाही, तो फक्त घरी जातो. म्हणून सुट्टीचे कार्ड घेताना औषधांच्या वेळा, पथ्य आणि फेरतपासणीची तारीख परिचारिकेकडून समजावून घ्यावी, आणि घरी रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती, मग ती सून असो वा मुलगा, त्या वेळी सोबत आणावी. बिलात सवलत हवी असल्यास शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्याच दिवशी कार्यालयात दाखवावा, सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नये.