मोरारजी देसाई : प्रांतातून केंद्रात

मोरारजी देसाई १९३७ साली मुंबई प्रांतात मंत्री झाले, १९५२ साली मुख्यमंत्री. १९५६ च्या जानेवारीत त्यांच्या राजवटीने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला गोळ्यांनी उत्तर दिले. त्याच वर्षी ते केंद्रात मंत्री झाले. १९६९ साली अर्थखाते काढून घेतले जाताच त्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले.

अशा स्थितिवादी नेत्याचे पंतप्रधानपद १९७७ साली समाजवाद्यांनी, संयुक्त महाराष्ट्राचे सेनानी एस. एम. जोशी यांच्यासह, पत्करले ते आणीबाणी पुन्हा येऊ नये म्हणून. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती वाट अरुंद केली. मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांतून वगळला.

लोकशाहीसाठी विरोधकाचा हात अवश्य धरावा. मात्र त्यामुळे हुतात्म्यांचा हिशेब मिटला, असे मानू नये.