उघडा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज एका हिशेबाच्या पंडितावर बोलायचे आहे. श्रीकांत दातार हे त्यांचे नाव. मुंबई विद्यापीठाची पदवी, अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत सुवर्णपदक, आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला १९८५ साली हिशेबशास्त्राची डॉक्टरेट. १९९६ मध्ये ते हार्वर्डला गेले आणि २०२१ च्या जानेवारीत तेथील बिझनेस स्कूलचे डीन झाले. खर्चाच्या हिशेबावरचे त्यांचे जाड पाठ्यपुस्तकही आहे, पण ते राहू दे. मला सांगायचा आहे तो १९९१ सालचा एक निबंध. तो त्यांनी फेल्थॅम आणि ह्यूज या दोघांसमवेत लिहिला. कॉमर्स शिकणाऱ्या पुतण्याने तो मला समजावून दिला. त्यातले गणित मात्र त्याच्यापाशीच राहिले.

प्रश्न साधा आहे. कंपनीचा मालक पहिल्यांदाच लोकांना शेअर विकायला काढतो. धंदा आतून कसा आहे हे त्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. आपल्याकडे मोहोरावर बाग कराराने देतात ना, तसेच. कुठे तुडतुडा पडतो, कोणते कलम गेल्या साली धरलेच नाही, हे बागवाल्याला माहीत. व्यापारी आपला अंदाजाने, म्हणजे हात राखूनच, पैसे मोजणार. यात नुकसान होते ते ज्याची बाग खरोखर चांगली त्याचे! त्याने विश्वास पटवावा कसा? एक तर बराचसा वाटा स्वतःकडेच ठेवावा. बाग वाईट असती तर कोण ठेवील? पण मग सारा धोका त्याच्याच डोक्यावर. नाहीतर चोख तपासनीस आणावा, फी जास्त पडली तरी. निबंधात मांडले आहे ते असे, की तपासनीस जितका चांगला तितका मालकाला स्वतःचा वाटा कमी अडकवावा लागतो. आणि धंदा जितका बेभरवशाचा तितकी चांगल्या तपासनीसाची गरज अधिक. सुरमईचे कल्ले उघडून दाखवणाऱ्या आपल्या मासळीवालीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि तपासनीसच निजला तर? २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी कबूल केले, की वहीत दाखवलेली ५,००० कोटींहून अधिक रोकड नव्हतीच. त्या ताळेबंदांवर तपासनीसांच्या सह्या होत्या.

सासूबाईंची ठेव एका पतपेढीत अडकली. नाव घेत नाही. तिथला अहवाल सभेच्या दारातच हातात पडे, आणि बसायला जागा मिळेपर्यंत ‘मंजूर, मंजूर’ होऊन चहा येई. थकबाकीचा आकडा छापलेला असे, पण वाचायला वेळ कुठला?

म्हणून माझे म्हणणे, की आपल्या मंडळाचा आणि बचत गटाचा हिशेब कार्यकारिणीबाहेरच्या दोघींनी तपासावा आणि सभेच्या आठ दिवस आधी मंडळाच्या दारावर लावावा. कोणाचे किती येणे, सगळे. काही जणी म्हणतात, हा खजिनदारबाईंवर अविश्वास झाला. उलट आहे. चांगल्या बागेच्या मालकाचेच हात राखून मोजण्यात नुकसान होते, तसे उघड्या हिशेबाविना नुकसान होते ते चोख खजिनदाराचे. कुजबूज तिच्याच वाट्याला येते.

ठराव मी लिहून आणला आहे. अनुमोदनाला कोण उभी राहते?