विद्यार्थ्यालाही विचारावे

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि सेवानिवृत्त होईपर्यंत खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांच्या सहवासात दिवस काढले, एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर जे सुचले ते आपणांपुढे ठेवतो.

मुलांच्या शिक्षणाविषयी आपण घरोघरी पुष्कळ बोलतो. शाळा कोणती, माध्यम कोणते, शिकवणी कोणाची, टक्के किती, दहावीनंतर शाखा कोणती, या सर्व गोष्टींचा काथ्याकूट आईबाप, आजोबा, मामा, काका आणि शेजारी मिळून करतात. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या वेळी कोपऱ्यात मुकाट बसलेली असते. शाळेतही बहुधा तोच प्रकार. गुरुजींनी सांगावे, मुलाने उतरवून घ्यावे, परीक्षेत ते परत करावे. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की, जी विद्या मिळविताना मुलाने प्रश्न विचारला, थोडी निवड केली आणि काही जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, तीच विद्या त्याच्या मालकीची होते. बाकीची उसनी आणलेली असते आणि परीक्षा संपताच ती ज्याची त्याला परत जाते.

हा विचार परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणी समजू नये. आपल्याच मातीत त्याचे दाखले आहेत. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग समाजातील लहान मुलीने मांग आणि महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना सोसावा लागणारा अन्याय तिने त्यात निर्भयपणे मांडला आणि ज्या धर्माचे ग्रंथ आपणांस वाचावयासही मिळत नाहीत, त्या धर्माशी आपला संबंध काय, असा सवाल थोरामोठ्यांना केला. मला येथे विशेष वाटते ते हे की, त्या शाळेने तिला केवळ धडे वाचावयास शिकविले नाही, तर स्वतःचे मन कागदावर उतरविण्याचे बळ दिले. तिने काय लिहावे हे कोणी फळ्यावर लिहून दिले असते, तर इतक्या वर्षांनी त्या निबंधाची आठवण कोणी काढली नसती. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना तर हा निबंध आपण मुद्दाम आठवावा, कारण त्यातील सवाल ज्ञातीज्ञातींनी बांधलेल्या भिंतींनाच केलेला आहे.

दुसरा दाखला ताराबाई मोडक यांचा. १९४५ साली त्यांनी, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाड येथे गेले. आदिवासींची मुले शाळेत येत नाहीत, असे पाहून मुलांना दोष देण्याऐवजी या दोघींनी मुलांच्या जिण्याकडे पाहिले. लहान मुले अंगणात सापडतात, तर शाळाच अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. मोठी मुले गुरांमागे कुरणात असतात, तर कुरणशाळा काढली. मुलाचे म्हणणे ऐकणे याचा अर्थ केवळ त्याचे शब्द ऐकणे नव्हे. तो शाळेत का येत नाही, आला तर कोठे रमतो, कोठे कंटाळतो, हेही त्याचेच म्हणणे असते. ते वाचण्याची दृष्टी शिक्षकाला हवी.

तिसरा दाखला आपल्या मंडळाला अधिक जवळचा आहे, कारण आपणही वसतिगृह चालवितो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. त्या नगरीत शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतःच्या हातांनी करीत. कमवा आणि शिका हा त्यांचा मार्ग. ज्या मुलाने आपल्या शिक्षणासाठी स्वतः घाम गाळला, त्याला आपले शिक्षण दुसऱ्या कोणाच्या मालकीचे आहे असे कधीच वाटत नाही.

आता तर कायद्यानेही हे मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारनामा १९८९ साली झाला आणि आपल्या देशाने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या अनुच्छेदात, मुलाशी संबंध असलेल्या बाबतीत त्याला मत मांडू द्यावे आणि त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्या मताला वजन द्यावे, असे म्हटले आहे. आपला शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. एकोणतिसाव्या कलमाने, मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, अशी अपेक्षा केली. छडी कायद्याने हातातून काढून घेता येते. ऐकण्याची सवय मात्र कायदा लावू शकत नाही. ती आपणच लावून घ्यावयाची असते.

हे प्रत्यक्षात कसे करावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एका खेड्यातील माझ्या शाळेत पटावर ३८ मुले होती. दर शनिवारी आम्ही बालसभा भरवीत असू. अध्यक्ष दर आठवड्यास बदले, एक मूल वहीत वृत्तान्त लिही आणि मी मागे बसून ऐके. एका उन्हाळ्यात तिसरीतील एका मुलीने तक्रार मांडली की, दुपारी लहान मुलांना प्यावयास पाणी उरत नाही. सभेने ठरविले की आठवडाभर मोजून पाहावे. पंधरा लिटरचे तीन माठ, म्हणजे पंचेचाळीस लिटर. वाट्याला दरडोई एक लिटरहून थोडे अधिक. मग दुपारपर्यंत ते संपते कसे? मुलांनीच शोधून काढले की, जेवणानंतर ताटे आणि हात त्याच पाण्याने धुतले जातात. त्यांनी धुण्याच्या पाण्याची बादली वेगळी केली आणि आणखी एका टाकीसाठी ग्रामपंचायतीस अर्ज लिहिला. अर्जाचा मसुदा तीन वेळा खोडला गेला. दोन महिन्यांनी टाकी आली. या कामी हिशेबाची वही ज्या मुलाकडे होती, तो भागाकाराच्या नावाने कापणारा मुलगा. तो रोज हजर मुले मोजून पाण्याचा वाटा काढू लागला. त्याला शिष्यवृत्ती परीक्षेत यश आले नाही, हे मी लपवीत नाही. परंतु भागाकाराला तो पुन्हा कधी भ्यायला नाही. भाषा, गणित, परिसर आणि नागरिकशास्त्र हे चार विषय एका माठातून निघाले आणि ते मुलांचे स्वतःचे होते.

यावर कोणी म्हणेल, ‘गुरुजी, मुलांना फार बोलू दिले तर ती शेफारतात.’ ही शंका अनाठायी नाही. म्हणून मर्यादा स्पष्ट असाव्यात. लस टोचून घ्यावी की नाही, विहिरीच्या काठावर खेळावे की नाही, पाढे शिकावे की नाही, हे प्रश्न मुलांच्या मतावर सोडावयाचे नसतात. परंतु कोणता पाठ आधी घ्यावा, बसण्याची रचना कशी असावी, सहलीत काय पाहावे, शिकलेले निबंधाने दाखवावे की चित्राने की प्रयोगाने, वर्गाचे नियम कोणते आणि ते मोडणाऱ्याने काय करावे, हे त्यांना ठरवू द्यावे. स्वतः केलेला नियम मुले आपल्याहून कडकपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे.

दोन पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. एक, मुलाने केलेल्या प्रत्येक सूचनेला पुढील सभेत उत्तर मिळाले पाहिजे. होकार असो वा नकार, कारण सांगितले पाहिजे. विचारून न ऐकणे हे न विचारण्याहूनही वाईट, कारण त्याने मुलाचा विश्वास जातो. दुसरे, बोलणारी मुलेच बोलत राहतील असे होऊ देऊ नये. पाळी ठरवावी, लाजऱ्या मुलाला चिठ्ठीवर लिहून देण्याची मुभा असावी. पुष्कळ शाळांत विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ असते, परंतु हुशार मुलाला गुरुजींनीच मुख्यमंत्री नेमावयाचे आणि पाहुण्यांना हार घालण्यापलीकडे त्याला काम नसावयाचे, असा प्रकार असेल तर ते नाटकच होय.

आता घरचा प्रश्न. माझा एक विद्यार्थी शेतीत रमणारा. माती, बी, पाऊस याशिवाय त्याला दुसरा विषय नसे. घरच्यांनी हौसेने त्याला अभियांत्रिकीस घातले. कर्ज झाले, दोन वर्षे गेली आणि तो शिक्षण सोडून घरी आला. त्याचे वडील मला म्हणाले, ‘गुरुजी, सगळ्यांना विचारले, त्यालाच तेवढे विचारायचे राहिले.’ त्या सद्गृहस्थांचे मुलावर प्रेम कमी नव्हते. परंतु प्रेम आणि विचारपूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलींच्या बाबतीत तर ही विचारपूस अधिकच विरळ होते. शिकवावयाचे कोठवर आणि लग्न कधी, हे तिच्या पाठीमागे ठरते आणि तिला फक्त कळविले जाते.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आज या व्यासपीठावर कितीतरी गुणवंत मुले आली. प्रत्येकाचे नाव आणि टक्के पुकारले गेले. पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र, छायाचित्र झाले. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. परंतु त्यांच्यापैकी एकाचाही आवाज या सभागृहाने ऐकला नाही. हा कोणाचा दोष म्हणून मी सांगत नाही. ही आपली जुनी रीत आहे आणि रीत बदलता येते.

म्हणून मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना सविनय सादर करतो. पहिली, पुढील वर्षापासून गौरव झालेल्या मुलांपैकी निदान पाच जणांना आपण काय शिकलो आणि पुढे काय शिकावेसे वाटते, हे प्रत्येकी तीन मिनिटे सांगू द्यावे. दुसरी, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहिलेले एक पान मागावे आणि समितीने ते वाचून त्याच्याशी बोलावे. तिसरी, आपल्या वसतिगृहात दर आठवड्यास विद्यार्थिसभा भरावी, भोजनगृहाचा हिशेब मुलांच्या हाती द्यावा आणि त्या सभेचा वृत्तान्त कार्यकारिणीपुढे येऊन त्यावर लेखी उत्तर जावे. या तिन्ही सूचनांना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो आपला वेळ आणि थोडा धीर.

मुले आज वसतिगृहाचा हिशेब नीट ठेवतील, तर उद्या गावाचा आणि परवा देशाचा ठेवतील.