नैराश्य, चिंता आणि उपचारांतील दरी

एखाद्या देशातील रोगराईचे मोजमाप करावयाचे झाल्यास पूर्वी मृत्यूंची नोंद पुरेशी मानली जाई. देवी, पटकी, हिवताप, क्षय यांनी किती बळी घेतले यावरून त्या त्या रोगाची भीषणता ठरे. या मोजपट्टीत नैराश्य आणि चिंता या विकारांना फारशी जागा नव्हती. कारण मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे नाव सहसा येत नाही. माणूस जिवंत राहतो. परंतु त्याची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, हातून काम होत नाही, माणसांत बसणे नकोसे वाटते. असे दिवस आठवड्यांत आणि आठवडे वर्षांत जमा होतात. अकाली मृत्यूने गमावलेल्या वर्षांबरोबर आजारपणात वाया गेलेली वर्षेही मोजण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली, तेव्हा कोठे या विकारांचे खरे वजन दृष्टोत्पत्तीस आले.

भारतापुरते पाहावयाचे तर २०१७ साली सुमारे ४ कोटी ५७ लाख लोक नैराश्याने आणि ४ कोटी ४९ लाख लोक चिंताविकारांनी ग्रस्त असल्याचा अंदाज संशोधकांनी वर्तविला. देशातील रोगांच्या एकूण भारात सर्व मनोविकारांचा वाटा १९९० मध्ये २.५ टक्के होता, तो २०१७ मध्ये ४.७ टक्क्यांवर गेला. येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. वाटा दुपटीजवळ गेला म्हणजे माणसे दुप्पट दुःखी झाली, असा त्याचा अर्थ नव्हे. संसर्गजन्य रोग आणि बालमृत्यू घटले की उरलेल्या विकारांचा वाटा आपोआप वाढतो. अर्थात एका आघाडीवर मिळालेल्या यशानेच दुसऱ्या आघाडीवरील दुर्लक्ष उघडे पाडले आहे.

विकार किती, याहून अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न उपचार कितींना मिळतात हा होय. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. तीत असे आढळले की, दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने ग्रासलेले असते. आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून वंचित असतात. म्हणजे सात रुग्णांतील सहा जण ते दुखणे अंगावरच काढतात. क्षयाच्या सात रुग्णांपैकी सहा जणांना औषध मिळत नाही, असे कोणी सांगितले असते तर देशात केवढा गहजब झाला असता!

असे का घडते? रुग्ण दवाखान्यात जातच नाही, ही समजूत बरोबर नाही. पुष्कळदा तो जातो, पण निराळी तक्रार घेऊन. उदाहरणादाखल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी असलेली एखादी चाळिशीची शेतमजूर स्त्री डोळ्यांपुढे आणावी. 'मला नैराश्य आले आहे' असे ती म्हणत नाही. अंग मोडून येते, डोके जड होते, छातीत धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असे ती सांगते. डॉक्टरांपुढे अजून साठ माणसे असतात. तिला शक्तीच्या गोळ्या मिळतात, दुखणे थांबविणारे औषध मिळते, कधी झोपेची गोळी मिळते. पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्याच रांगेत उभी असते. गोव्यात झालेल्या संशोधनात असे दिसले की, अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक निकटचा होता. शरीराच्या भाषेत बोललेले मनाचे दुःख ओळखण्याचे शिक्षण बहुसंख्य वैद्यांना मिळालेलेच नसते.

दुसरे कारण लाज. घरात मनाचे आजारपण आहे हे कळले तर मुलीचे लग्न अडेल, नोकरी जाईल, ही भीती निराधार नसते. तिसरे कारण तज्ज्ञांचा तुटवडा. उपरोक्त पाहणीच्या वेळी मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण केवळ ०.०५ होते, म्हणजे वीस लाख लोकांना एक. केरळात ते १.२ होते. चौथे कारण उपचारांच्या स्वरूपातच आहे. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यानंतरही ते काही महिने चालू ठेवावे लागते. ज्या केंद्रात औषधाचा साठा मध्येच संपतो आणि जेथे पोचण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तेथे हा क्रम टिकावा कसा?

या प्रश्नाकडे देशाचे लक्षच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ च्या सुमारास बंगलोरजवळील सकलवाडा आणि हरियाणातील रायपूर राणी येथे ग्रामीण आरोग्यसेवकांना मानसिक आरोग्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात त्याची चाचणी झाली आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तथापि तीव्र मनोविकार आणि अपस्मार यांवरच या कामाचा रोख प्रामुख्याने राहिला. जो आरडाओरडा करतो तो दिसला. जो मुकाट्याने कोमेजतो तो दिसला नाही.

या कोंडीतून वाट असल्याचे गोव्यातील दोन प्रयोगांनी दाखविले. पहिल्यात मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु खास शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना दवाखान्यांत नेमण्यात आले. डॉक्टर आणि भेट देणारे तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्ण सहा महिन्यांत अधिक प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. दुसरा प्रयोग दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी समुपदेशकाने सहा ते आठ वेळा बोलावयाचे, सुटलेली कामे आणि तुटलेल्या गाठीभेटी यांतून एकेक पुन्हा सुरू करण्यास मदत करावयाची, असे त्याचे साधे स्वरूप होते. २०१७ मधील निष्कर्ष असा की, तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ डॉक्टरांचे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कर्ज, दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण यांनी माणूस खचतो. त्याला गोळी किंवा गोड शब्द देऊन काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे आणि अन्यायावर औषधाचा उतारा नाही. परंतु दूषित पाण्याने झालेल्या अतिसाराच्या रुग्णाला, नळ येईपर्यंत थांब, असे कोणी सांगत नाही. किंबहुना खचलेल्या माणसाच्या अंगी प्रतिकूल परिस्थितीशी झगडण्याचे बळ उरत नाही. ते परत मिळवून देणे हेही न्यायाच्याच बाजूचे काम आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही १४४१६ या क्रमांकाची दूरध्वनी-सेवाही सुरू झाली. परंतु हक्क कागदावरून केंद्राच्या रांगेपर्यंत उतरावयाचा तर समुपदेशकाची कायम जागा, तिचे नियमित वेतन, तिच्या कामावर जाणत्याची देखरेख आणि खंड न पडणारा औषधपुरवठा, या चार गोष्टींना पर्याय नाही. यांतील एकही गोष्ट देशाच्या आवाक्याबाहेरची नाही. रांगेतील त्या स्त्रीला कोणीतरी शांतपणे विचारावयास हवे, 'बाई, झोप का येत नाही?' आणि उत्तर ऐकण्यासाठी त्या माणसापाशी अर्धा तास असावयास हवा. सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था तो अर्धा तास उपलब्ध करून देते की नाही, यावरच या प्रश्नाचा निकाल अवलंबून आहे.