एक कबर, दोन दरवाजे

मी अलिबागला शाळेत इतिहास शिकवत असे. एकदा धर्मयुद्धांचा धडा संपला आणि मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, 'सर, ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघंही अब्राहामला मानतात ना? मग भांडतात कशाला?' घंटा व्हायची वेळ झाली होती. 'अज्ञान, दुसरं काय!' असं म्हणून मी खडू खाली ठेवला.

ते उत्तर मला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं, कारण ते चूक होतं. भांडणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो असं नाही. उलट तो त्यांना तोंडपाठ असतो. फक्त प्रत्येकाचं पुस्तक वेगळ्या पानावर उघडतं. हे मला नीट कळलं ते हेब्रोनबद्दल वाचताना.

जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर हे शहर आहे. अरबीत त्याला 'अल-खलील' म्हणतात. खलील म्हणजे मित्र, ईश्वराचा मित्र इब्राहिम. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात कथा आहे, की पत्नी सारा वारल्यावर अब्राहामनं इथली मकपेलाची गुहा आणि शेत एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडून ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतलं. एफ्रोन फुकट द्यायला तयार होता, पण अब्राहामनं ऐकलं नाही. चारचौघांसमक्ष चांदी तोलून दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर रीतसर खरेदीखत झालं.

पुढे अब्राहामलाही तिथंच मूठमाती मिळाली. ती कोणी दिली? इसहाक आणि इश्माएल या दोन्ही मुलांनी मिळून, असं तेच पुस्तक सांगतं. ज्यू स्वतःला इसहाकचे वंशज मानतात. प्रेषित महंमदांचं घराणं इस्माईलचं, असं मुसलमान मानतात. ख्रिस्ती म्हणतात, रक्ताचे नसलो तरी अब्राहामच्या श्रद्धेचे वारस आम्ही आहोत. बळी द्यायला नेलेला मुलगा बायबलप्रमाणे इसहाक. कुराणात त्या मुलाचं नाव नाही, पण बहुतेक मुसलमानांच्या मते तो इस्माईल. तेव्हा हा वाद परक्यांचा नाही, वारसांचा आहे. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. परक्याशी भांडण झालं तर माणूस पाठ फिरवून निघून जातो. सामाईक भिंत असली की जाता येत नाही.

त्या गुहेवर राजा हेरोदच्या काळातली, दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी भिंत आजही उभी आहे. तिच्या आत आधी ख्रिस्ती चर्च झालं, मग मशीद झाली. क्रुसेडर आले, पुन्हा चर्च झालं. सलाहुद्दीननं ११८७ मध्ये मुलूख जिंकला, पुन्हा मशीद झाली. तेराव्या शतकात ममलुक सुलतान बैबर्सनं ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना आत यायला बंदी केली. ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच चढता येई. पिढ्यान् पिढ्या ते तिथून प्रार्थना करून परत गेले. ही बंदी १९६७ च्या युद्धानंतर संपली.

ऑगस्ट १९२९ मध्ये जेरुसलेमच्या पवित्र जागांवरून अफवा उठल्या आणि हेब्रोनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानमधल्या शुक्रवारी, पहाटेच्या नमाजाच्या वेळी एका ज्यू वसाहतवाल्या डॉक्टरनं गोळीबार करून २९ मुसलमान मारले. त्यानंतर वास्तूची वाटणी झाली. दरवाजे वेगळे, दालनं वेगळी. वर्षातले १० दिवस सगळी वास्तू ज्यूंची, १० दिवस सगळी मुसलमानांची. अब्राहामची कबर मधोमध आहे. दोन्हीकडचे भाविक आपापल्या खिडकीतून तिचं दर्शन घेतात.

आता पाहा. एकाला सातवी पायरी आणि १९२९ आठवतं, दुसऱ्याला क्रुसेडर आणि १९९४. दोघांचंही खरं आहे. आजचा झगडा मुळात जमिनीचा, वसाहतींचा, राज्य कोणाचं याचा आहे आणि तो फार तर दीडशे वर्षांचा. पण जमिनीच्या भांडणात तडजोड होते. देवाची आणि पूर्वजांची शपथ घातली की तडजोड करणारा घरभेदी ठरतो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला हमासनं अल-अक्सा मशिदीचं नाव दिलं. मे २०२५ मध्ये इस्रायलनं गाझातल्या मोहिमेला बायबलमधल्या गिदोनच्या रथांचं नाव दिलं. मेलेली लेकरं मात्र आजची होती.

मग यातून सुटका नाहीच का? आहे, पण तीही इतिहासातच आहे. १९२९ च्या त्याच दिवशी हेब्रोनमधल्या अरब कुटुंबांनी शेकडो ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवून वाचवलं. येशूच्या मृत्यूचा ठपका समस्त ज्यूंवर ठेवण्याची शतकानुशतकांची शिकवण कॅथलिक चर्चनं १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे दूर सारली. म्हणजे जुनं पान नव्यानं वाचता येतं.

आमच्या अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे. बेने इस्रायल कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धर्मावरून त्यांचा इथं छळ झाला नाही. आम्ही कोकणातले लोक फार थोर म्हणून नव्हे. त्यांच्या-आमच्यात वाटून घ्यायची गुहा नव्हती, म्हणून. त्याची बढाई मारण्यात अर्थ नाही. वाटून घ्यायच्या जागा आल्या तिथं आपण कसे वागलो, तेही आपल्याला ठाऊक आहे.

तो विद्यार्थी आज कुठं ऐकत असेल तर त्याला सांगायचंय : बाळा, माझं त्या दिवशीचं उत्तर मी मागे घेतो. ते अज्ञानामुळे भांडत नाहीत. प्रत्येकाला आपली जखम पाठ आहे आणि दुसऱ्याची ठाऊक असूनही तो ती मोजत नाही. बापाला मूठमाती देताना दोघं भाऊ एकत्र उभे होते, हे पानसुद्धा त्याच पुस्तकात आहे. तुझ्या मुलांना धडा शिकवशील, तेव्हा तेही वाचून दाखव.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)