नारायणगावात आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि स्मार्ट उपकरणांच्या लहरींवर चर्चा करायला लांबून आलेले पाहुणे,

समस्त नारायणगावकरांच्या वतीनं मी आपलं स्वागत करतो. विषय मला कळतो असं म्हणालो, तर समोर बसलेले आडते बंधू हसतील. गाव मात्र कळतं.

नारायणगड, मीना नदी, टोमॅटोचा बाजार हे सगळं आहेच. पण आमचं खरं वैभव तमाशा. पाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई सर्वांना ठाऊक आहेत. ऐन खेळात बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट इथं पोरासोरांना पाठ आहे. पण त्यांचे वडील आणि चुलते? ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड म्हणजे विठाबाईंची शाळा. ती जोडी आज किती जणांच्या तोंडी आहे? मला याचं फार वाईट वाटतं. (सचिवांची चिठ्ठी आली. आटोपतं घेतो.)

तर लहरी. शेजारी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. एकूण ३०, काही दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी हा परिसर निवडला, त्याचं एक कारण म्हणजे इथली रेडिओशांतता. आता आमच्याच रानात ठिबकचे व्हॉल्व्ह बिनतारी झालेत. अशा उपकरणांसाठी सरकारनं २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना मोकळा केला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. १ वॉटची मर्यादा आहे. दुर्बिणीचा एक पट्टा ५५० ते ८५० चा, म्हणजे बांधाला बांध. एका व्हॉल्व्हनं काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. पण राहुट्यांच्या ओळीत पाच कर्णे एकदम लागले, की ढोलकी कुणाची ते कळत नाही. पुढचं तुम्ही जाणते.

मंडप, पाण्याचा टँकर, द्राक्षांच्या पेट्या, टोप्या-नारळ, सगळं गावकऱ्यांनी दिलं. नावं घेतली तर कुणीतरी राहील आणि मला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल; सर्वांचे आभार. खोल्या कमी पडल्या, काहींना शाळेत गाद्यांवर झोपावं लागलं, माफ करा. काल रात्री चाचणीत कॉर्डलेस माइकमधून शेजारच्या लॉन्सवरची हळदीची गाणी ऐकू आली, म्हणून आज हा वायरचा.

जेवण दीड वाजता. मासवडीचा रस्सा झणझणीत आहे. सोसत नसेल त्यांच्यासाठी दही वेगळं ठेवलंय. आणि गेटातली पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी कृपया हलवावी, टँकर अडलाय.